मुका माज

व्हर्लीन स्टँपरचा कुणावर विश्वास नव्हता, आणि घोड्यांवर तर मुळीच नाही. मुकं जनावर कधी खोटं बोलत नाही असं कुणी म्हणालं, की ती आधी त्या माणसाच्या बुटांकडे बघायची. बुटांना चिखल नसला तर पुढचं ऐकायचीच नाही. रेडिओवरचा हवामानाचा अंदाज, दुकानातल्या अंड्यांवरची तारीख, चर्चमधल्या नव्या पाद्र्याचे फारच पांढरे दात, या सगळ्यांकडे ती डोळे बारीक करून बघत असे. केंटकीतल्या पॅरिस गावाबाहेरच्या एका पैदाशीच्या फार्मवर तिची वीसेक वर्षं गेली होती. पागेतल्या सगळ्या घोड्या तिच्या ताब्यात होत्या आणि प्रत्येकीबद्दल तिच्या मनात काही ना काही संशय होता.

तिचं कामच संशयाचं होतं म्हणा. रोज सकाळी होबर्ट पारखी घोड्याला घेऊन यायचा. होबर्ट म्हणजे पागेतला सगळ्यात जुना माणूस, आणि घोड्याचं नाव डीकन. बुटका, पोट सुटलेला, रंगाने मळकट. त्याच्या नशिबी घोडी नव्हती. त्याने कुंपणाच्या फळीवरून मान पुढे करायची, घोडीला हुंगायचं, घशातल्या घशात घुमायचं, आणि घोडी काय उत्तर देते ते व्हर्लीनने बघायचं. घोडी माजावर असली तर शेपटी बाजूला घेते, मागचे पाय फाकवते, कान सैल सोडते. नसली तर किंचाळते आणि लाथ झाडते. माजावरच्या घोडीला मग डॉक्टर तपासणार, अंडाशयावर बीजाची पुटकुळी किती फुगली आहे ते यंत्रावर बघणार, बीज लवकर सुटावं म्हणून सुई देणार, आणि घोडी गाडीत चढून खऱ्या, नावाजलेल्या वळू घोड्याकडे जाणार. त्या घोड्याकडे बाकीच्या फार्मांची रांग लागलेली. वेळ हुकली की पुढच्या माजापर्यंत हात चोळत बसायचं.

डिसेंबरपासूनच पागेत संध्याकाळनंतर मोठे दिवे जळत ठेवत, घोड्यांच्या मेंदूला वसंत आला असं वाटावं आणि अंडाशयांनी लवकर जागं व्हावं म्हणून.

"आधी आपण त्यांना दिव्यांनी फसवायचं," होबर्ट म्हणायचा, "आणि मग त्यांनी आपल्याला फसवलं म्हणून बोंब मारायची."

फसवण्यात ओपलचा हात कुणी धरला नसता. ओपल ही काळसर, लांब मानेची घोडी. पोटाशी शिंगरू असलं की ती डीकनला जवळ उभंच करायची नाही. कान मागे, दात बाहेर, शिंगरू पोटाआड. डॉक्टर यंत्र लावून बघत तेव्हा मात्र अंडाशयावर पुटकुळी टरारलेली असायची. आत सगळं वेळेवर चाललेलं आणि बाहेर काही नाही. याला मुका माज म्हणतात. लेकुरवाळ्या घोड्यांत तो बराच दिसतो. पिल्लाच्या काळजीपुढे त्या स्वतःच्या अंगाचं काही कळूच देत नाहीत.

"हिला काही नकोय," त्या मार्चातही होबर्ट म्हणाला. "बघ, डीकनचं नाक फोडायला निघालीय."

"नाटक करतेय. शेपटीच्या मुळाशी बघ, थरथरतंय."

"म्हातारपणी मला कुठं कुठं बघायला लावतेस, व्हर्लीन."

"त्याचाच पगार मिळतो तुला."

"अगं, शिंगराला आत कोंड. डोळ्यांआड झालं की दाखवेल सगळं."

"ती कुंपण तोडेल."

"ती नाही तोडायची. तू तोडशील."

व्हर्लीनने कुंपणाची फळी हलवून बघितली. डॉक्टर ग्रेडी हॅस्किन्स, म्हणजे त्या वर्षी नव्याने येऊ लागलेला तरुण घोड्यांचा डॉक्टर, यंत्र पुसत म्हणाला, "मिस व्हर्लीन, ओपलबद्दल तुमचं बरोबर आहे. त्या रूबी घोडीबद्दल मात्र मागच्या आठवड्यात साफ चुकलं होतं."

"रूबीने मला फसवलं," व्हर्लीन म्हणाली. तिच्या लेखी चूक ही नेहमी समोरच्याचीच असे.

ओपल गाडीतून जाऊन आली, पण त्या खेपेला फळली नाही.

व्हर्लीन अशी का झाली, हे पागेतल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. पूर्वेकडच्या डोंगरांतून ती विशीत इथे आली ती एका उन्हाळ्यापुरती. शरद ऋतूत नर्सिंगच्या शाळेत जायचं ठरलेलं होतं, जागाही मिळाली होती. त्या उन्हाळ्यात घोड्यांची गाडी चालवणारा एक हसरा माणूस तिला भेटला आणि पानगळीच्या आत गाडीसकट दुसऱ्या राज्यात निघून गेला. व्हर्लीन सबंध हिवाळा ढगळ कोट घालून वावरली. शेताच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली घोडी गाभण आहे की नाही हे सांगणारी माणसं तिच्या शेजारी उभी राहून खरारा करत होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि कुणी बोललं नाही, हे तिला आजवर कळलं नव्हतं. घरी आईने मात्र फोनवर सरळ विचारलं होतं, "दिवस गेलेत का गं तुला?" आणि व्हर्लीनने सरळ "नाही" म्हणून सांगितलं होतं. नर्सिंगची शाळा राहिली ती राहिलीच.

त्या हिवाळ्याच्या शेवटी जन्मली ती लॉरेल.

लॉरेल आता एकवीस वर्षांची होती. लुईव्हिलला एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता, उन्हाळ्यात वर्ग सुरू व्हायचे होते, आणि तोवर ती पागेत काम करत होती. जायला तीनेक महिने उरले होते. व्हर्लीनच्या जिवाला एकच घोर होता. पोरगी तिथवर पोहोचली पाहिजे. आपलं मध्येच काय झालं, ते हिचं होता कामा नये.

त्यात रूबीने व्हर्लीनला फळीवर दाबलं आणि तिचा खांदा निखळला. पिचकारीने घोड्यांना पिवळं तेल पाजायचं काम लॉरेलकडे आलं.

हे तेल म्हणजे घोडीला थोपवायचं औषध. हिवाळा सरतासरता घोडीचं शरीर धड थंडीत नसतं, धड वसंतात नसतं. माज येतो, रेंगाळतो, पण बीज काही सुटत नाही. अशा घोडीला काही दिवस रोज जिभेवर हे तेल सोडतात. गाभण राहिल्यावर अंगात जे संप्रेरक तयार होतं, त्याचाच हा बाटलीतला भाऊ. तेल चालू आहे तोवर मेंदू गप्प, अंडाशय गप्प. तेल थांबवलं की थोड्या दिवसांत घोडी नीट, ठरल्याप्रमाणे माजावर येते. तेलाखालच्या घोडीला पागेत ‘थोपलेली’ म्हणत.

हिवाळ्यात ग्रेडीने जाड जांभळ्या हातमोज्यांचं एक खोकं आणून दिलं होतं. "तेल देताना हेच घाला. कातडीतून आत जातं ते. विशेषतः बायकांनी जपायला हवं."

"फुकट?" व्हर्लीनने विचारलं.

"कंपनीने दिलेत."

"मग पुढच्या वर्षी याचं बिल येईल. आणि माझी पिशवी कधीच काढून टाकलीय डॉक्टर, माझं काय थोपवणार ते तेल?"

खोकं वरच्या फळीवर गेलं. लॉरेलने काम हाती घेतलं तेव्हा व्हर्लीनने तिला पागेतले नेहमीचे पातळ, दुधाळ रंगाचे रबरी मोजे दिले. "हे घाल. हातमोजे घाला म्हणून डॉक्टर फार मागे लागतो." आपण काळजी घेतली, याचं तिला समाधानही वाटलं.

एप्रिल लागला आणि लॉरेल सकाळची अंडी परत करू लागली. आधी ताटातच चिवडायची, मग थेट कुत्र्याला घालू लागली. डोकं दुखतं म्हणायची. काम करताना मध्येच पालथ्या बादलीवर बसायची. व्हर्लीनने हे सगळं पाहिलं आणि एका रविवारी चर्चहून आल्यावर बाथरूमचं कपाट उघडलं. पॅडचं पाकीट तिने महिन्याभरापूर्वी मुद्दाम कोपरा भिंतीकडे करून ठेवलं होतं. कोपरा भिंतीकडेच होता.

ती कपाट बंद करून टबाच्या काठावर बसली.

विचारायचं का? सरळ विचारलं की काय उत्तर मिळतं ते तिला ठाऊक होतं. तेच उत्तर तिने स्वतः दिलं होतं. विचारून घोडीही सांगत नाही. घोडीला पारखावं लागतं. तिच्यासमोर उभं करायचं, आपण बाजूला राहायचं आणि कान बघायचे.

आता उभं कुणाला करायचं? पागेत लॉरेलच्या वयाचे दोनच पुरुष. एक उलिसेस, मेक्सिकोतल्या साकातेकासहून आलेला मोतद्दार, दिवसभर गुणगुणत घोड्यांचे पाय धुणारा. दुसरा डॉक्टर ग्रेडी. व्हर्लीनने उलिसेसपासून सुरुवात केली.

"बुधवारी जेवायला ये," ती त्याला म्हणाली.

उलिसेसच्या हातातला पाण्याचा पाइप घसरला. वीस वर्षांत तिने पागेतल्या कुणाला जेवायला बोलावलेलं नव्हतं. "माझं काही चुकलं का, मिस व्हर्लीन?"

"ते बघू," व्हर्लीन म्हणाली.

बुधवारी तिने बीन्स शिजवल्या, कढईत कॉर्नब्रेड भाजला आणि उलिसेसला लॉरेलच्या बरोबर समोर बसवलं. स्वतः कडेला बसली. तिथून दोघांचे चेहरे दिसत. लॉरेल मजेत होती. उलिसेसने आपल्या बायकोचा आणि मिशीसारखं जावळ असलेल्या बाळाचा फोटो दाखवला, तर ती खळखळून हसली. तिच्यात ना लाजणं, ना बिचकणं.

व्हर्लीनला हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात ओपल उभी राहिली. जिच्या पोटाशी काही असतं, तीच दाखवत नाही.

"एवढ्यात गावात वगैरे जाणं होतं का रे तुझं?" तिने विचारलं.

"कधीतरी. परवाच लेक्सिंग्टनला गेलो होतो ना, लॉरेलला सोडायला..."

टेबलावरचं कापड हललं. खाली कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी पायावर पडला होता. उलिसेसने तोंडात कॉर्नब्रेड कोंबला.

परवा लॉरेल टायर बदलायला गॅरेजमध्ये गेली होती. तसं तिनेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हर्लीनने उलिसेसला खुराकाच्या खोलीत गाठलं आणि दारात उभी राहिली. "कुठं सोडलंस तिला?"

"मिस व्हर्लीन, मला यात ओढू नका. तिची गाडी बंद होती म्हणून नेलं."

"कुठं?"

"डॉक्टरकडे सोडलं फक्त. पुढचं तिलाच विचारा."

त्या फार्मवर डॉक्टर म्हणजे एकच. घोड्यांना खोकला झाला तर डॉक्टर, माज आला तर डॉक्टर. माणसं आजारी पडली तर पडून राहत, नाहीतर आपापली बरी होत. व्हर्लीनच्या डोक्यात दुसरा अर्थ शिरायला जागाच नव्हती. डॉक्टरकडे, लेक्सिंग्टनला, गुपचूप. ग्रेडी! तरीच हा परवा लॉरेलला यंत्राचा पडदा दाखवत होता. "ही बघ, ही फुगीर काळी जागा, म्हणजे बीज तयार आहे," म्हणत होता. तेव्हा ते शिकवणं वाटलं होतं.

"उलिसेसचा नंबर झाला वाटतं," होबर्ट डीकनला आत बांधताना म्हणाला. "आता कोण?"

"कसला नंबर?"

"मी लोकांना कुंपणाला आणायचंच काम करतो, व्हर्लीन. मला कळतं. डीकनलाही आणू का जेवायला? तो कमी खातो."

"तू तुझं बघ."

"पोरीला सरळ विचार ना."

"तू तुझ्या मुलीला विचारलं होतंस?"

"विचारलं होतं."

"मग?"

होबर्टने कडी घातली. "टेनेसीला असते आता. वर्षातून एकदा, नाताळात फोन करते," तो म्हणाला आणि दुसऱ्या कप्प्याकडे गेला.

रविवारच्या जेवणाला ग्रेडी धुतलेला शर्ट घालून आला. व्हर्लीनने कोंबडी तळली होती, घेवड्याच्या शेंगा डुकराच्या मांसात शिजवल्या होत्या, वर केळ्याचं पुडिंग. "मिस व्हर्लीन, हे सगळं माझ्यासाठी?" तो म्हणाला आणि आनंदाने बसला. बिचाऱ्याला एकट्याने डबे गरम करून खायची सवय होती.

"लॉरेल, डॉक्टरांना शेंगा दे," व्हर्लीन म्हणाली.

लॉरेलने दिल्या.

"डॉक्टर, लॉरेलला लोणी द्या."

ग्रेडीने दिलं. लॉरेल मान वर करीना. तिचे खांदे ताठ झाले होते, ओठ मिटलेले. व्हर्लीनने मनात नोंद केली. हेच ते. उलिसेसपुढे हसत होती, याच्यापुढे दगड. तिच्या नकळत ती जागेवरून जरा पुढे झुकली आणि मान वाकडी करून लेकीच्या कानामागे बघू लागली. कुंपणाशी उभी राहून ती रोज असंच बघायची.

लॉरेलने काटा खाली ठेवला.

"ममा, काय बघतेयस?"

"कुठं काय?"

"तू मला पारखतेयस!" लॉरेल उभी राहिली. "बुधवारी उलिसेस, आज हे! होबर्ट डीकनला आणतो तसं तू एकेकाला माझ्यापुढे आणतेयस आणि माझे कान बघतेयस!"

ग्रेडीच्या हातातली तंगडी तोंडापर्यंत जाता जाता थांबली. "डीकन?" तो म्हणाला. "मी?"

"मग लेक्सिंग्टनला डॉक्टरकडे कोण गेलं होतं?" व्हर्लीनही उभी राहिली. "माझ्याशी खोटं बोलून?"

"माझ्याकडे?" ग्रेडी म्हणाला. "मी तर पॅरिसमध्येच राहतो. टपाल कचेरीच्या मागे."

"माणसांच्या डॉक्टरकडे, ममा! माणसांचेही डॉक्टर असतात जगात!"

लॉरेलचा आवाज खाली आला.

"पाळी येत नाहीये माझी. डोकं दुखतं, ओटीपोटात कळ येते. तुला वाटतंय तसं काही नाही. कुणीच नाहीये, कधी नव्हतंच. तरी त्यांनी तपासलं. नाही म्हणाले. मग रक्त घेतलं, गाठ वगैरे आहे का ते बघायला हवं म्हणाले. आणि मी तुला सांगितलं नाही, कारण तू अशी करशील म्हणून. अशीच."

गाठ हा शब्द ऐकून व्हर्लीनने खुर्चीची पाठ धरली. इतक्या दिवसांच्या संशयात हा एक संशय तिला आला नव्हता.

ग्रेडीने तंगडी बशीत ठेवली, बोटं पुसली. तो आता पाहुण्यासारखा दिसत नव्हता. "लॉरेल, काही औषध चालू आहे का, असं विचारलं असेल ना त्यांनी?"

"विचारलं. मी म्हटलं काही नाही. औषध घेतात त्या घोड्या."

"तेल तू पाजतेस? कधीपासून?"

"ममाचा खांदा दुखावला तेव्हापासून."

"आणि हातमोजे?"

"घालते ना. रोज." ती दारामागच्या जाकिटाकडे गेली आणि खिशातून सकाळचे मोजे घेऊन आली. पातळ, दुधाळ, सुरकुतलेले. ग्रेडीने एक मोजा उलटा केला आणि त्याची आतली बाजू कागदी रुमालावर दाबली. रुमालावर पिवळा, तेलकट अंगठा उमटला.

"या रबरातून ते तेल आरपार जातं," तो हलकेच म्हणाला. "बाटलीवर लिहिलेलंही असतं. म्हणून तर मी जांभळे..." आणि मग त्याने व्हर्लीनकडे बघितलं.

"वरच्या फळीवर आहेत," व्हर्लीन म्हणाली. "खोकं फोडलेलं नाही."

लॉरेलने त्या डागाकडे बघितलं, मग स्वतःच्या तळव्यांकडे. तिला आधी हसू आलं. मग ते हसू वाकडं झालं.

"म्हणजे ममा, तूच मला थोपवलंस."

पुडिंग कुणी खाल्लं नाही.

ग्रेडीने बजावलं होतं, की तेलाकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं नाही, लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांना सगळं कळवायचं आणि तपासण्या पुऱ्या करायच्या. लॉरेलने कळवलं. रक्तात काही वावगं निघालं नाही. त्यांनीही तेच सांगितलं, तेल बंद करा आणि वाट बघा. दुसऱ्या सकाळी व्हर्लीनने खोकं फोडलं आणि जांभळे मोजे घालून, दुखऱ्या खांद्याने, घोड्यांना तेल पाजायला स्वतःच सुरुवात केली. तिला मोज्यांची गरज नव्हती. तरी ती ते कोपरापर्यंत ओढून घालायची. होबर्टने एकदा तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं.

घरात दोघी जपून बोलत. "मीठ दे," "दे." मुलीला विचारायला व्हर्लीनच्या जिभेवर दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न यायचा आणि ती तो कॉफीबरोबर गिळायची. बाथरूमचं कपाट तिने उघडलं नाही. उघडायचं नाही म्हणून दात घासायचा ब्रश तिने स्वयंपाकघरात आणून ठेवला. एका संध्याकाळी लॉरेल म्हणाली, "मी लुईव्हिलला लवकर जातेय. वर्गातल्या एका मुलीबरोबर खोली घेतलीय." कोणती मुलगी, कुठली खोली, खाली दाराला कुलूप आहे का, हे सगळे प्रश्न तोंडाशी आले.

"बरं," व्हर्लीन म्हणाली.

पागेच्या मधल्या बोळात एक काळा फळा होता. सगळ्या घोड्यांची नावं त्यावर, आणि माजावर आलेलीच्या नावापुढे खडूने वर गेलेला बाण. मेच्या सुरुवातीला एका सकाळी व्हर्लीन पागेत शिरली तर होबर्ट आणि उलिसेस फळ्यासमोर उभे. होबर्टने टोपी काढून हातात घेतली होती. घोड्यांच्या नावांच्या तळाशी लॉरेलच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘लॉरेल’. पुढे बाण. आणि बाणापुढे: ‘आली. आता पारख बंद.’

"अभिनंदन कुणाचं करायचं म्हणे, व्हर्लीन?" होबर्टने विचारलं.

व्हर्लीनने खुंटीवरचं फडकं ओढलं. फळ्यापर्यंत गेली. हात वर केला, आणि फळ्याऐवजी त्या फडक्याने स्वतःचं तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ. "कामं नाहीत का तुम्हाला?" ती फडक्यातूनच म्हणाली.

लॉरेल त्याच आठवड्यात गेली. गाडी फाटकाबाहेर पडताना तिने हात हलवला की आरसा नीट केला, हे व्हर्लीनला ओळखता आलं नाही. तिने ते हात हलवणं धरलं.

पुढच्या सोमवारी ओपलची वेळ होती. होबर्ट डीकनला घेऊन आला. ओपलने नेहमीप्रमाणे कान पाडले आणि शिंगराला पोटाआड घेतलं.

"शिंगरू आत घे," व्हर्लीन उलिसेसला म्हणाली.

होबर्ट वळून बघू लागला. "नक्की?"

"आत घे आणि दार लाव. दाराची वरची फळीसुद्धा."

संध्याकाळी तिने फोन लावला. बराच वेळ वाजला.

"ममा, काही विचारायचं नाही असं ठरलंय आपलं," लॉरेल म्हणाली.

"मी कुठं विचारतेय? ओपलचं सांगायला केला."

"काय झालं ओपलला?"

"दाखवलं आज तिने."

"ओपलने? शिंगरू कुठं होतं?"

"आत. दार लावून."

"तू लावलंस?"

"उलिसेसने. मी सांगितलं."

"ओरडली असेल खूप."

"खूप. फळीला धडका दिल्या. डीकनसुद्धा घाबरला. मग थकली. आतून शिंगरू खिंकाळलं, आहे म्हणून, आणि मग ही उभी राहिली शांत. कान सैल केले."

"आणि शिंगरू?"

"त्याला काही नाही. उलिसेसची टोपी खात होतं."

लॉरेल हसली. खूप दिवसांनी व्हर्लीनने ते हसू ऐकलं. आणि तेवढ्यात त्या हसण्याच्या मागे, खोलीत कुठेतरी, आणखी कुणीतरी हसलं. जाड आवाज होता. टीव्हीचा असेल. टीव्हीवर माणसं असं हसतात का? एकदाच, आणि जवळून? व्हर्लीनचे कान उभे राहिले. तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ममा? आहेस ना?"

"आहे," व्हर्लीन म्हणाली. प्रश्न दातांपर्यंत आला होता. तिने दात मिटले. "ओपलला उद्या गाडीतून पाठवतेय. गाभण राहिली की कळवते."

"कळव," लॉरेल म्हणाली. "जेवलीस का?"

"आता जेवते," व्हर्लीन म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. मग बराच वेळ ती त्या फोनकडे डोळे बारीक करून बघत बसली.